दारापर्यंत गाडी

— बसा की साहेब, बाजंवर बसा, चिखल लागला तर लागू द्या, बाज धुता येती. टॅक्टर? येईल, येईल. काळ्या रानात रुतलेली गाडी घाईनं निघत न्हाई, जेवढं चाक फिरवाल तेवढी खाली जाती — तुमच्या डायवरला म्हनलं मी, आता बंद कर बाबा, पोट टेकलं तिचं. व्हय, मीच सांगितलं फोनवर, सरळ दारापर्यंत या म्हनून. वाट विचारणाऱ्यांचा फोन माझ्याकडंच वाजतो, नातीनं तेवढं एक काम दिलंय मला, कंपनीत. रश्मी? ती फाट्यावरच्या आफिसात बसलीय तुमची वाट बघत. अकरापर्यंत थांबणार हाय. तिला फोन? लागायचा न्हाई. तुमच्या मोठ्या फोनला हितं रेंज न्हाई, ह्या लिंबाखाली एक कांडी येती ती बी माझ्या बटनाच्या फोनाला. पाणी घ्या.

मला वळखलं न्हाई तुम्ही. कसं वळखाल, सहा वर्सं झाली. पुण्यात तुमचं काचंचं आफिस, रश्मी आन् मी सकाळी धाला येऊन बसलो, तुम्ही चारला बोलावलं. बसायला माझी हरकत न्हाई, जन्मभर बसतच आलोय — पण ती पोरगी शिक्रापूरच्या कंपनीतली शिफ्ट बुडवून आली होती. तिनं तुम्हाला समदं उलगडून दाखवलं. संध्याकाळी शेतकऱ्याला फोन जातो, आपल्याच बोलीत विचारतो, उद्या फुलाची किती कॅरेट? नुस्ता आकडा दाबायचा. आकड्यांची बेरीज होती, तेवढाच टेम्पो फाट्यावर येतो. आन् ज्याला वाचता येत न्हाई त्याला नावाच्या जागी खूण — दगडोबाचा पोपट, धुरपदाचं जातं, माझा बैल. कॅरेटावर बी तीच रंगवायची. तुम्ही बैल बघितला आन् हसलात. मला विचारलं, बाबा, वाचता येतं का? मग तिच्याकडं वळून इंग्रजीत काय तरी बोललात. मला बोलणं न्हाई कळलं, पोरीचं तोंड कळलं. पैसा न्हाई दिला, ठीक हाय, तुमचा पैसा. पण कागद ठेवून घेतले आन् वर्साच्या आत तुमची सोताची कंपनी. तेच गाव, तेच टेम्पो.

रश्मी रडली न्हाई. म्हनली, आबा, आता कुणाच्या दारात जायचं न्हाई. टेम्पोवाल्यांनी सहा म्हयन्याचं कमिशन आगाऊ दिलं, त्यात एक जुना काम्प्युटर आला, मग भाग्यश्री आली हिशोबाला, मग दुसरी पोरगी. बारा घरं होती. मग पाबळ, मग शिरूरची बाजू, आता नदी वलांडून पाटस-दौंडपर्यंत. एक गाव नीट बसल्याबगर दुसरं घ्यायचं न्हाई, असा तिचा नेम. तिला वाटतं तुमची कंपनी तिच्या कामापुढं टिकली न्हाई. — वाटू द्या की. पोरीनं काम केलंच हाय.

आता तुम्ही आलाय तिची कंपनी इकत घ्यायला. तुमचं ते पत्रक आठवतं? 'शेतकऱ्याला विचारून बनवलेलं'? वर फेटा बांधलेला म्हातारा? नीट बघा माझ्याकडं. व्हय, मीच. तुमची दोन पोरं आली होती वही घेऊन, लई गोड पोरं, आबा आबा करत बसली. त्यांना काय ठावं मी कुणाचा आजा. म्हनली, आबा, शेतकऱ्याला काय पायजे? मी म्हनलं, गाडी दारापर्यंत पायजे बाबांनो. फाट्यापर्यंत कॅरेट वाहून कंबर मोडली आमची. त्यांनी लिवून घेतलं. एवढं सोपं. साहेब, हितला शेंबडा बी सांगंल, फाट्याच्या आत टेम्पो आणायचा न्हाई, पाऊस झाला की हे रान गाडी गिळतं. म्हनून तर माल फाट्यावर ठेवायची रीत. पण तुम्ही पुण्यातनं छापलं, दारापर्यंत गाडी. लोक भुलले. आन् दसऱ्याच्या आदल्या दिशी पाऊस आला. सात टेम्पो रुतले तुमचे, ह्या रानापासनं त्या वढ्यापर्यंत. मी हितंच बसून बघत होतो. मोजले.

हसू आलं, खोटं कशाला बोलू.

टेम्पोत माल कुणाचा? — आपल्याच लोकांचा, आनि कुणाचा. धुरपदा बी गेली होती तुमच्याकडं, एकटी बाई, म्हनली दारात गाडी येती तर बरंच हाय. बावीस कॅरेट शेवंती. तीन दिवस चिखलात सडली, मागनं वास आला तो हितपर्यंत. पुढच्या वर्सी तिनं फुलं लावलीच न्हाईत. मला आदल्या सांजंला सांगता आलं असतं तिला, बाई, माल फाट्यावर ठेव. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती हलली असती तर बाकीचे बी हलले असते, मग तुमचे टेम्पो रुतले नसते… अजून भाजी आणून देती मला. जातं रंगवलेल्या कॅरेटातनं.

थांबा, वाजला. — हॅलो… व्हय गं बाळा… न्हाई, हिकडं न्हाई आलं कोन… अकरा वाजून गेले की… जा तू, पाटसच्या लोकांना ताटकळत ठेवू नको. जा.

असं नका बघू. 'आबा, ऐकून तरी घेऊ' म्हनत होती सकाळी. ऐकलं असतं तिनं, साधी हाय. तिला बोलावलं तवा तुम्ही सहा तास बसवलं, आज तुमचा एक तासच गेला. टॅक्टरला सांगावा? धाडलाच न्हाई, साहेब.

उठा. बूट हातात घ्या. कवा भेटलीच तर सांगा तिला, पत्रकाचं सांगा, आत्ताच्या फोनाचं बी सांगा. धुरपदाच्या शेवंतीचं तेवढं नका सांगू… नका सांगू, साहेब.

जावा आता. फाटा बांधाबांधानं, त्या बाभळीपासनं डावीकडं. — जावा की. ह्या बारीला खरी वाट सांगतोय.