पैशावरची रेघ

जगन्नाथ : म्हणजे पैसा वायाच गेला ना, मिस्त्री? दुकानात कोण घेणार मग तो?

फ्रान्सिस : कोणी नाही. पण असा दाबलेला पैसा घरात राहील. निर्मळच्या जत्रेला बायकोला घेऊन आलो होतो, हे म्हातारपणी दाखवायला. भोकाचा पैसा नको, तो दाबताना फाटतो. जुना ढब्बू पैसा द्या, राजाचा.

जगन्नाथ : हा घ्या. राजा गेला, तोंड ठेवून गेला.

फ्रान्सिस : आधी निखाऱ्यावर लाल करायचा. मग पाण्यात. ऐकलंत, चर्र? आता मऊ झाला. हे दोन रूळ बघा. एक गुळगुळीत. दुसऱ्यावर मी देऊळ कोरलंय, उलटं. मधून पैसा गेला की सुलटं उमटतं. वहिनी, दांडा फिरवणार?

लीला : मी? जड असेल.

फ्रान्सिस : जड आहेच. पण एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. हात थांबला की रूळ तिथंच चावतो, पैशावर आडवी रेघ पडते. ती मग जात नाही.

यंत्र : कर्र. कर्र. कर्र. टण्.

लीला : अगंबाई, याची तर चपटी मांदेली मासळी झाली!

जगन्नाथ : आणि मागं राजाच्या तोंडाचा दुधी भोपळा.

हंसा : फ्रान्सिसदादा.

फ्रान्सिस : ये, बाय. मिठागरावरची हंसा ना तू? गेल्या जत्रेला नवऱ्याबरोबर आली होतीस. शत्रुघ्न कुठाय?

धोंडूबाई : त्येच इचाराला आलोय, बाबा. मी त्याची आय, धोंडूबाय. डोल्यांनी दिसत नाय मला. कुठं हाय तू?

फ्रान्सिस : इथं, आजी. समोरच.

लीला : बसा आजी, या बाकावर.

धोंडूबाई : मिठाचा मचवा घेऊन गेला तो. वादलात मचवा बुडाला. डहानूच्या किनाऱ्याला कोन येक लागला. तोंड वलखायजोगं नव्हतं. लोकांनी तिथंच जालला. त्याच्या करगोट्याला तुझा ह्यो दाबलेला पैसा व्हता. माझा धाकटा, बलीराम, घेऊन आला.

हंसा : ह्यो बघा, दादा.

फ्रान्सिस : हिरवा पडलाय. पण देऊळ माझंच आहे.

धोंडूबाई : त्ये म्हाईत हाय. मचव्यावरच्या समद्यांनी तुझ्याकडनंच घेतलेले. ह्यो कोनाचा, त्ये सांग. गावच्या बाया दारात बसल्यात, हिच्या बांगड्या फोडायला. मी म्हनलं, ज्यानं पैसा दाबला त्याला इचारते आधी. ही मला हातात पन देत नाय. म्हनते, मेलेल्या मानसाचा हाय, नको हात लावू.

हंसा : आये जेवत नाय, दादा. म्हनते, पोरगा नसंल तर मला बी खाडीत टाका.

धोंडूबाई : तू गप. सांग रे बाबा.

फ्रान्सिस : सगळे सारखेच दिसतात, आजी. शत्रुघ्नचा तेवढा… हंसा, तो तूच फिरवला होतास ना? त्यानं पैज लावली, तुला जमणार नाही म्हणून. आणि मधेच—

यंत्र : कर्र. कर्र. खट्.

जगन्नाथ : माफ करा हो. हात लागला. चुकून.

हंसा : मधेच बांगडी अडकली दांड्यात. फुटली. मी थांबले.

फ्रान्सिस : दुसरा करून देतो म्हटलं. तो ऐकेना. हाच पाहिजे म्हणाला.

धोंडूबाई : हसायचा मेला. म्हनायचा, आये, ही माझ्या बायकोची सही. माझा अंगठा धरून फिरवायचा त्या रेघंवरनं. रोज.

लीला : म्हणजे त्याच्या पैशावर रेघ असणार!

जगन्नाथ : लीला, गप्प बस.

फ्रान्सिस : दे, बाय. जरा चिंच लावून पुसतो. हं. हं…

धोंडूबाई : काय झालं?

फ्रान्सिस : आजी, ही जी…

हंसा : नीट बघा, दादा. उजेडात धरा. आनि माझ्याकडं बघून सांगा. रेघ हाय?

फ्रान्सिस : हंसा, बाय…

हंसा : म्हातारं मानूस हाय. नीट बघून सांगा.

फ्रान्सिस : नाही.

धोंडूबाई : काय नाय?

फ्रान्सिस : रेघ नाही, आजी.

धोंडूबाई : दे इकडं.

हंसा : आये, नको. घरी जाऊ.

धोंडूबाई : त्यानं हात लावला, तर मला काय व्हनार हाय? दे म्हनते ना.

फ्रान्सिस : घ्या, आजी.

लीला : आजी, अंगठा एकाच जागी का घासताय?

धोंडूबाई : खारं पानी लागलंय त्याला, पोरी. खरखरतो.

फ्रान्सिस : आजी, मी काय म्हणत होतो…

धोंडूबाई : बरोबर सांगितलास तू, बाबा. गुलगुलीत हाय. माझ्या पोराचा नाय ह्यो.

हंसा : आये…

धोंडूबाई : दारातल्या बायांना मी सांगन. माझ्या बोटांनी बघितला, म्हनन. उठा आता, आपापल्या घरी जा.

फ्रान्सिस : मग तो इथंच राहू द्या. मी ठेवतो.

धोंडूबाई : नको. कोनाचं तरी पोर हाय. माझ्या कनवटीला ऱ्हाऊ दे. हंसा, घरी गेलं की भात टाक. दोघी जेवू.

हंसा : व्हय.

धोंडूबाई : रडू नको. हात धर माझा. आनि बांगड्या सांभाल गं, गर्दी हाय.