डॅरिलचं जांभळं प्रवाळ

अरे ऐका ना, धमाल! काल केर्न्समध्ये शोभेच्या माशांच्या दुकानात रांगेत होतो, माझ्यापुढे डॅरिल नावाचा एक माणूस आणि त्याची बायको ग्लेनिस. सुरुवात तिनेच केली.

"अरे, परत दिवा कशाला? टाकीवर निळा आहे की."

"त्या निळ्यानेच तर घोळ होतो. फोटोत सगळं निळंच येतं."

"म्हणून तर फोनवर केशरी फिल्टर लावलास ना? खरे रंग येतात म्हणालास. तुमचे प्रवाळ पाळणारे क्लबवाले तुझ्या जांभळ्या प्रवाळावर फिदा झालेत."

"तीच पंचाईत झालीय! रविवारी क्लबातली लॉर्ना येणार. तिचं लाल प्रवाळ देणार आणि माझ्या जांभळ्याचा तुकडा वाढवायला नेणार."

"मग दे की."

"कुठून देऊ? फोटोत मी जरा रंग चढवला होता."

"जरा?"

"बराच."

"मग खरा रंग कुठला?"

"चहासारखा."

"डॅरिल! सांगून टाक तिला."

"वेडी आहेस का? तिचं लाल हातचं जाईल. जांभळा दिवा लावू, टाकी अगदी फोटोसारखी दिसेल."

"आणि घरी नेल्यावर ते तपकिरी दिसलं की?"

"म्हणायचं, तुझ्या पाण्यात काहीतरी गडबड आहे."

"अरे, हेच प्रवाळ क्लबातल्या केनकडे जांभळं दिसलं, आपल्याकडे आणल्यावर तपकिरी झालं, तेव्हा तोही हेच म्हणाला होता! तेव्हापासून तू पाणी बदलत बसलायस!"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"बोला साहेब, काय देऊ?"

"जांभळा दिवा. केनने नेला होता, तसलाच."