उंदरानं खाल्लेल्या चाली

यंत्र माणसाशी खेळतं, याचं मला कौतुक सांगू नका. आमच्या नामदेवानं साठ सालानंतर लगेच अकोल्यात तसं यंत्र बनवलं होतं, तेही काड्यापेट्यांचं.

नामदेव तारखात्यात होता. त्याच्याकडे विलायतेहून बोटीनं एक मासिक यायचं. आधी त्यात नुसते रेडिओ असायचे, मग विचार करणारी यंत्रं आणि त्यांचे खेळ येऊ लागले. एका अंकात कृती होती. तीन-तीन सोंगट्यांच्या छोट्या पटावरच्या प्रत्येक मांडणीला एक काड्यापेटी, पेटीत रंगीत मणी, प्रत्येक मणी म्हणजे एक चाल. न बघता जो मणी हाती येईल, ती यंत्राची चाल. यंत्र हरलं की चुकलेल्या चालीचा मणी काढायचा. पेटी रिकामी निघाली, तर यंत्रानं हार मानली.

"मणी कायले पाह्यजे?" म्हणत नामदेवानं तूर, मूग, हरभरा भरला.

आठवड्याभरात ते यंत्र मला हरवायला लागलं. मग त्यानं त्याच्या साहेबांना खेळायला बोलावलं. साहेबांनी सोंगटी सरकवली. नामदेवानं पेटी उघडली, तर रिकामी.

"काहून, पहिल्याच चालीत हरलं?" साहेब म्हणाले.

मी पेटी फिरवून पाहिली. मागून कुरतडलेली होती. बाकीच्याही तशाच.

नामदेवानं संपादकाला सगळं कळवलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, "आम्ही काचेचे मणी वापरतो. पण उंदरानं आधी कोणते दाणे खाल्ले?"

मी पोट धरून हसलो. नामदेव हसला नाही.

"हे तं आपन पाह्यलंच नाई," तो म्हणाला. मग त्यानं नव्या पेट्यांत मोजून दाणे भरले आणि सगळ्या अर्ध्या उघड्या ठेवल्या.