मावशीचा जबाब

— न्हाय साहेब, त्या खुर्चीचा पाय मोडलाय, हितं बाकावर बसा. व्हय, मीच केराबाई. झाडलोट करते, अकरा वरसं झाली ह्या दवाखान्यात, ठेकेदाराकडनं. सिस्टर? हायत की सिस्टर. म्हंजे कागदावर हायत — दोन वरसामागं बदली झाली, नवीन कोन आलंच न्हाय. पर अहवाल जातो दर म्हैन्याला, चोवीस तास बाळंतपणाची सोय म्हनून. निधी आला तवा ही फरशी बसली, भिंतीला गुलाबी रंग दिला — माणूस तेवढं न्हाय दिलं.

सुकन्याचं इचारताय न्हवं? गोजाबाईची सून, पहिलटकरीण. सासू-सुना दुपारी चालत आल्या, येळेवर आल्या. 'नातेवाइकांनी उशिरा आणले' हे डॉक्टरसायबांनी लिवलंय — ते तवा मिटिंगला हुते. खोटं हाय ते... म्हंजे मला काय कळतंय, मी झाडूवाली. पोरगं चांगलं झालं, लई मोठ्यांदा रडलं, सुकन्या हसली बी. मग रगत सुरू झालं, थांबंचना. दवाखान्याच्या गाडीला फोन केला तर गाडी कुण्या पुढाऱ्याच्या दौऱ्यामागं — डायवर म्हनला, 'केराबाई, सोडत न्हाईत गं मला.' शेवटी मेंढरांचा टेम्पो मिळाला, सांगोल्याच्या मोठ्या दवाखान्याकडं निघालो. डोकं माझ्या मांडीवर. 'मावशी, पाय गार पडल्यात,' म्हनली. सांगोल्याच्या अलीकडंच गेली.

बाळंतपण कुणी केलं? सिस्टरनं... असं बघू नगा साहेब. मी केलं. नाळ मी कापली. दोन वरसात कितीतरी कापल्या, डॉक्टरांना ठावं हाय, वरच्यांना ठावं हाय. बाया जगल्या तवा कुणी इचारलं का, कुणी केलं म्हनून? सगळ्या सिस्टरच्या नावावर लागल्या.

आता 'उशिरा आणले' म्हनणाऱ्या ह्या कागदावर सही कर म्हनताय. केली तर सगळं गोजाबाईच्या माथी — माझ्याच गल्लीत ऱ्हाती ती, नातवासाठी शेळीचं दूध न्यायला रोज माझ्याच दारात येती. न्हाय केली तर झाडूवालीनं बाई मारली म्हनून पोलीस मला न्हेतील. तुमी शिकल्यालं, तुमीच सांगा की, कुटं जाऊ मी? नोकरी सोडावी म्हनलं, तर मग हितं दार उघडायला बी कोन —

कोन हाय? ये गं, आत ये, धर माझा खांदा. कवापासनं यायल्यात कळा? सकाळपासनं? — साहेब, उठा, भाईर व्हा. सही आता न्हाय आन नंतर बी न्हाय, कागद घिऊनच जावा. दार तेवढं वढून घ्या.