रबरी बेडूक आणि माझी बातमी

मी भांडकुदळ आहे, हे तुम्हा वाचकांचं म्हणणं आज मान्य करतो. निमगाव सावाच्या तळ्यावर मी सलग तीन रविवार रबरी बेडूक लावून गळ टाकला. बेडूक दिसला की मरळ मासळी झडप घालते, असं ऐकलं होतं. एकही लागली नाही. मग मी संतापून आमच्या पेपरात बातमीच दिली: ‘तळ्यात मासाच नाही, सोडलेले मत्स्यबीज गेले कुठे?’

बातमी छापून आली त्याच सकाळी अंक काखेत मारून पुन्हा तळ्यावर गेलो. शेजारी जुन्नरचे रशीदचाचा गळ टाकून बसले होते. मी बेडूक पाण्यातून भराभर ओढतोय हे बघून म्हणाले, “भाऊ, खरा बेडूक असा पळत न्हाई. पानाजवळ टाका अन् गप बसू द्या त्याला.”

“चाचा, तीस वर्षं पत्रकारिता केलीय मी...”

“म्हणूनच गप बसणं जमंना तुमाला. आणा हिकडं.”

त्यांनी बेडूक कमळाच्या पानाजवळ टाकला, बराच वेळ तसाच ठेवला आणि जरासा हलवला. पाणी उसळलं. हातभर मरळ काठावर आली.

“गुंडाळायला कागद हाय का?”

मी अंक पुढे केला. चाचांनी मथळा वाचला, मग मरळीकडे पाहिलं.

“भाऊ, बातमी आतल्या बाजूला घेऊ का बाहेरच्या?”