घसरलात तर पुढे लोळा

हसू नका, पण ज्युदोच्या वर्गात महिनाभर मी फक्त पडायला शिकलो. साल दोन हजार असेल, रत्नागिरीत कॉलेजला होतो. गणपतीला गावी गेलो, तर मूर्ती डोक्यावरून आणायचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. घराकडे उतरायला चिऱ्यांची पाखाडी, चाळीसेक पायऱ्या, भाद्रपदात सगळ्या शेवाळलेल्या. मूर्तीचा पाट डोक्यावर घेऊन मी पुढे, आणि मूर्तीवर छत्री धरून बाबा मागे.

"अंगठा रोवून उतर. घसरलासच तर मागे बस, पाट सोडू नको."

"बाबा, तुम्ही जपा. घसरलात तर हात टेकायचा नाही, मान आत घेऊन पुढे लोळायचं."

"तुझ्या ज्युदोत डोक्यावर गणपती असतो काय रे?"

अर्ध्यावर आलो आणि मागे धप्पकन आवाज झाला. वरची छत्री गेली, पाऊस थेट अंगावर. पाटामुळे मान वळवता येईना.

"बाबा?"

"मागे बघू नको! उतर!"

उरलेल्या पायऱ्या कशा उतरलो, देव जाणे. दारात आई पायांवर पाणी घालतेय, भाकरतुकडा ओवाळतेय, आणि माझे कान मागे पाखाडीकडे. मूर्ती चौरंगावर ठेवली नि उलटा धावलो. बाबा पायरीवर बसलेले, उजवं मनगट सुजून टम्म.

मी ओरडलोच, "हात टेकलात ना? पुढे लोळा म्हटलं होतं!"

"अरे, पुढे तुम्ही दोघं होतात."