तिसऱ्या कडव्यातला हातोडा

रायपूरच्या शंकर नगरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे चारुदत्त नंबराची वाट पाहत होता. पुढच्या बाकावर एक आजोबा मोबाईल कानाला दाबून बसले होते, शेजारी कॉलेजातली नात.

"ओवी, आवाज वाढव."

"आजोबा, फुल है। सब देख रहे हैं।"

"पाहू दे. आदिल्सन गाऊन राहिला."

"आप जानते हैं इसको?"

"सिलतऱ्याच्या कंपनीनं मले मोझांबिकले पाठवलं होतं न, तवा तिथं क्रेन चालवे हा. वर केबिनीत बसून पोर्तुगीजमधे रॅप करे, मधेच मायच्या भाषेत शिरे. खालचे लोक हासत."

"अब तो लिस्बन में पूरा स्टेडियम भरता है इसका। चार एल्बम हैं।"

"पहिल्याच्या वेळेस वाजवाले कोणी भेटलं नाही त्याले. वर्कशॉपमधे आला, म्हणे, कृष्णा, तू लोखंडी प्लेटीवर हातोडा मार, मी गातो. ह्याच गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात आहे तो. खाली नाव वाच."

"हातोड़ा, कृष्णा, रायपुर... आजोबा, आपने कभी बताया नहीं।"

"सांगितलं होतं. तुह्या कानात हेडफोन होता."

दारात सिस्टर आली.

"कृष्णाजी, अंदर आइए।"

आजोबांना ते ऐकूच गेलं नाही. बोट मात्र बाकावर ताल धरून होतं. ओवीनं मोबाईल त्यांच्या हातातून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा उंच धरला.

"सिस्टर, दो मिनट। मेरे आजोबा आने वाले हैं इसमें।"